देहगुहा: पोकळी नको, अस्तर बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: गांडुळाला खरी देहगुहा, जंताला फसवी आणि चपट्या कृमीला देहगुहाच नाही, एवढं पाठ आहे. पण झुरळ उघडलं की आत भली मोठी पोकळी दिसते आणि पुस्तक म्हणतं ती रक्तगुहा. मग झुरळाला खरी देहगुहा असलेल्यांत का धरतात? आणि स्लाइड समोर आली की नेमकं काय बघायचं?

घोळ ‘गुहा’ या शब्दातच आहे. गुहा म्हटलं की डोळे रिकामी जागा शोधू लागतात. प्राण्याच्या शरीरात रिकाम्या जागा कितीतरी असतात: आतड्याच्या आतली, रक्तवाहिन्यांमधली, फुप्फुसातल्या वायुकोशांमधली. यातली एकही देहगुहा नाही. पचननलिका आणि शरीरभित्ती यांच्या मध्ये असलेली, द्रवाने भरलेली आणि भ्रूणातल्या मध्यस्तरापासून तयार झालेल्या अभिस्तराचं, म्हणजे पेशींच्या सलग थराचं, अस्तर सगळ्या बाजूंनी असलेली पोकळी म्हणजे देहगुहा. जागा आणि द्रव या दोन अटी जंताच्या पोकळीलाही लागू पडतात. निकाल लागतो तो अस्तरावर.

एर्न्स्ट हेकेलने १८७२ मध्ये ‘सीलोम’ हा शब्द रूढ केला तो पोकळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून. त्याच मुळावरून ‘सीलेंटराटा’ हे नावही आलं आहे, म्हणून हायड्राच्या आतल्या पोकळीला देहगुहा समजण्याची चूक वारंवार होते. हायड्राची पोकळी म्हणजे त्याचं पोट. तिथे अन्न जातं, पचतं, उरलेलं त्याच तोंडातून बाहेर पडतं. स्पंजातली मधली पोकळी तर पोटही नाही, पाणी जाण्याची वाट आहे. पचननलिकेची आतली जागा खरं म्हणजे शरीराबाहेरची जागा आहे. तोंडापासून गुदद्वारापर्यंत शरीरातून आरपार गेलेला तो बोगदा आहे. एवढं पक्कं बसलं की निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आता अस्तर येतं कुठून? त्रिस्तरीय प्राण्याच्या भ्रूणात बाह्यस्तर, मध्यस्तर आणि अंतःस्तर असतात. मध्यस्तर तयार होण्याआधीही भ्रूणात एक पोकळी असते, ती ब्लास्टोसील. पुढे काय होतं ते मध्यस्तर कसा पसरतो यावर ठरतं. तो ही सगळी जागा पेशींनी गच्च भरून टाकतो तेव्हा देहगुहा उरत नाही. प्लॅनेरिया, लिव्हर फ्लूक, टेपवर्म या चपट्या कृमींत असंच असतं. तो फक्त शरीरभित्तीच्या आतल्या बाजूला चिकटतो आणि आतड्याकडे फिरकतच नाही, तेव्हा मधली जुनी जागा तशीच राहते. ती फसवी देहगुहा, जंतांमध्ये असते ती. आणि मध्यस्तराच्या आतच नवी पोकळी उघडून ती मोठी होते, तेव्हा त्याचा एक पदर बाहेर शरीरभित्तीला आणि दुसरा आत आतड्याला जाऊन चिकटतो. मधे राहिली ती खरी देहगुहा. ती नव्याने घडलेली असते, आणि म्हणूनच तिच्या दोन्ही भिंती मध्यस्तराच्या असतात.

डाव्या आणि उजव्या बाजूच्या अशा दोन पिशव्या फुगत येऊन आतड्याच्या वर आणि खाली एकमेकींना टेकतात. टेकतात तिथे जो दुपदरी पडदा तयार होतो तो आंत्रबंध. आतडं या पडद्याने टांगलेलं असतं आणि त्याच्या रक्तवाहिन्या याच दोन पदरांमधून जातात. पुढे बऱ्याच प्राण्यांमध्ये खालचा पडदा नाहीसा होतो, वरचा टिकतो. आंत्रबंध दिसला तर खरी देहगुहा आहे असं निःशंक समजावं, कारण अस्तराचे दोन पदर एकत्र आल्याशिवाय तो होऊच शकत नाही.

मध्यस्तरात पोकळी उघडण्याचे मार्ग दोन आहेत. गांडूळ, गोगलगाय, कीटक यांच्या भ्रूणात मध्यस्तराचा भरीव गोळा मधोमध दुभंगतो. तारामासा आणि ॲम्फिऑक्सस (माशासारखा दिसणारा एक छोटा समुद्री प्राणी) यांच्यात भ्रूणाच्या आद्य आतड्याला बाजूने फुगे येतात आणि ते तुटून वेगळे होतात. या फरकावर प्राण्यांच्या दोन मोठ्या शाखा ओळखायला शिकवतात, पण तो नियम डोळे झाकून लावू नये. आपण पृष्ठवंशी तारामाशाच्या शाखेतले, तरी आपल्या भ्रूणात बाजूचा मध्यस्तर दुभंगूनच देहगुहा होते.

आता स्लाइड. आडवा छेद समोर आला की आधी पोकळी शोधू नका. आधी आतडं शोधा, मग आतड्याच्या भिंतीची बाहेरची कड बघा. सगळं उत्तर त्या कडेवर असतं.

गांडुळाच्या छेदात आतड्याच्या आत वरून लोंबणारी घडी दिसते, ती टिफ्लोसोल. आतड्याच्या पेशींच्या बाहेर स्नायूंचा पातळ थर आणि त्याच्याही बाहेर पिवळसर, कणीदार, फुगीर पेशी असतात, त्या क्लोरॅगोजन पेशी. आतड्याच्या बाजूचं देहगुहेचं अस्तर हेच. विद्यार्थी या पेशींना आतड्याचा भाग समजून सोडून देतात आणि मग ‘अस्तर दिसत नाही’ म्हणतात. शरीरभित्तीकडे बाहेरून आत येत जा: क्युटिकल, बाह्यत्वचा, वर्तुळाकार स्नायू, उभ्या स्नायूंचे जाड गठ्ठे आणि त्यांच्या आतल्या कडेला चपट्या केंद्रकांची अगदी बारीक ओळ. ही ओळ म्हणजे बाहेरचं पर्युदर, देहगुहेच्या अस्तराचा भित्तीकडचा पदर. कमी क्षमतेच्या भिंगातून ती रेघेसारखी दिसते किंवा दिसतच नाही. मोठं भिंग लावा आणि प्रकाश थोडा कमी करा, म्हणजे केंद्रकं उठून येतात.

जंताच्या, म्हणजे ॲस्कॅरिसच्या छेदात याच दोन जागा बघा. आतडं उंच पेशींच्या एकाच थराचं असतं, जणू सपाट केलेली नळी. त्याच्या बाहेर स्नायू नाहीत, अस्तर नाही. एक पातळ पटल असतं आणि त्यापुढे थेट द्रव. भिंतीच्या बाजूला स्नायूपेशी प्रचंड मोठ्या असतात. त्यांचा आकुंचन पावणारा भाग बाहेर भिंतीला लागून असतो आणि फुग्यासारखा मऊ भाग पोकळीत डोकावत असतो. त्या फुग्यांवर कुठलंही आच्छादन नसतं. मादीच्या छेदात हमखास होणारी चूक म्हणजे गर्भाशयाला आतडं म्हणणं. अंड्यांनी भरलेली दोन मोठी वर्तुळं ही गर्भाशयं, आणि आजूबाजूला विखुरलेली लहान वर्तुळं म्हणजे वेटोळ्या घातलेल्या अंडाशयांचे आणि अंडवाहिन्यांचे काप. ज्यात अंडी नाहीत आणि जे चपटं आहे ते आतडं.

लिव्हर फ्लूकच्या छेदात अडचण उलटी येते. तिथे भोकं खूप दिसतात आणि प्राणी तर देहगुहा नसलेला. ती भोकं म्हणजे आतड्याच्या फांद्यांचे, गर्भाशयाच्या वेटोळ्यांचे आणि वृषणांचे काप. प्रत्येक भोकाची कड तपासा: आत उंच पचनपेशी असतील तर आतडं, अंडी असतील तर गर्भाशय. या सगळ्यांच्या मधली जागा विरळ जाळीदार पेशींनी भरलेली असते, तिला पॅरेंकायमा म्हणतात.

सगळ्यात जास्त फसवतात त्या स्लाइड बनवतानाच पडलेल्या भेगा. मेणात बसवताना ऊती आकसतात आणि थर एकमेकांपासून सुटतात. तिथे पांढरी फट दिसते आणि तिलाच बाण दाखवून ‘देहगुहा’ लिहिलेलं असतं. ओळखायची खूण सोपी आहे. भेगेच्या दोन्ही कडा फाटलेल्या कागदासारख्या असतात, मनात जवळ आणल्या तर एकमेकींत बसतात, आणि कडेने केंद्रकांची ओळ नसते. खऱ्या पोकळीची कड गुळगुळीत, पेशींनी बांधलेली असते.

प्रत्यक्ष गांडूळ उघडणार असाल तर ते आधी पाण्यात ठेवून हळूहळू अल्कोहोल घालत सुमारे १० टक्क्यांपर्यंत न्यावं. एकदम तीव्र अल्कोहोलमध्ये टाकलं तर ते आवळतं, देहगुहेतला द्रव बाहेर फेकतं आणि आतले पडदे चुरगळतात. मेणाच्या ट्रेमध्ये, पाण्याखाली, पाठीवरच्या काळसर रक्तवाहिनीच्या किंचित बाजूने छेद घ्या आणि कात्रीचं टोक सतत वर उचललेलं ठेवा. टोक खाली गेलं की आतडं फाटतं, माती पसरते आणि पुढचं काही दिसत नाही. कडा बाजूला ओढताना त्या सहज सुटत नाहीत, कारण प्रत्येक दोन खंडांमध्ये आडवा पडदा असतो. तो ओढून फाडू नका, सुईने किंवा कात्रीच्या टोकाने सोडवत जा. फेरेटिमामध्ये, म्हणजे आपल्याकडे प्रयोगशाळेत वापरतात त्या गांडुळात, पहिल्या चार खंडांत असे पडदे नसतात, पुढचे काही जाड आणि स्नायुमय असतात, मागच्या भागातल्या पडद्यांना छिद्रं असतात.

या पडद्यांमुळेच गांडुळाची देहगुहा चालण्याचं साधन होते. द्रव दाबून लहान होत नाही. वर्तुळाकार स्नायू आवळले की खंड बारीक आणि लांब होतो, उभे आवळले की आखूड आणि जाड. पडद्यांमुळे एका भागातला दाब दुसरीकडे फारसा पसरत नाही, म्हणून पुढचा भाग ताणलेला असताना मागचा जमिनीला घट्ट धरून राहू शकतो. पाठीवर, साधारण बाराव्या खंडाच्या मागून, खंडांच्या मधल्या खाचांत बारीक छिद्रं असतात. त्यांतून हा दुधाळ द्रव बाहेर येऊन त्वचा ओली राहते. गांडूळ त्वचेनेच श्वास घेतं, तेव्हा ही ओल त्याच्या जिवाची आहे. द्रवात जंतू गिळणाऱ्या पेशीही असतात.

जंताचं तंत्र वेगळं आणि मला विशेष सुंदर वाटणारं. त्याच्या भित्तीत वर्तुळाकार स्नायू नाहीतच, फक्त उभे. ते आवळल्यावर शरीर परत लांब कोण करणार? आतला द्रव आणि ताठ क्युटिकल. ॲस्कॅरिसच्या पोकळीत द्रवाचा दाब बाहेरच्यापेक्षा सरासरी ७० मिलिमीटर पारा इतका जास्त मोजला गेला आहे, आणि हालचालीबरोबर तो वरखाली होतो. एका बाजूचे स्नायू आवळले की दुसरी बाजू ताणली जाते. म्हणून जंत वळवळतो, गांडुळासारखा आखूड-लांब होत नाही. याच दाबामुळे त्याचं आतडं चेपलेलं असतं. आतड्याला स्वतःचे स्नायू नाहीत, म्हणून अन्न या दाबाविरुद्ध आत ढकलायला ग्रसनी जाड आणि पंपासारखी लागते, आणि बाहेर टाकायला गुदद्वार क्षणभर उघडलं की पुरतं.

म्हणूनच ॲस्कॅरिस कापताना पहिल्या टोचणीला द्रवाची चिळकांडी उडते. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापा. हा द्रव ॲलर्जी करतो, डोळ्यांना फार झोंबतो. नमुना फॉर्मॅलिनमधला आहे म्हणून निर्धास्त राहू नका, या जंताची अंडी सौम्य फॉर्मॅलिनमध्येही जगून वाढू शकतात.

आता झुरळ. झुरळाच्या भ्रूणात प्रत्येक खंडात मध्यस्तराच्या छोट्या पिशव्या तयार होतात, अगदी गांडुळासारख्या. म्हणजे खरी देहगुहा घडते. पण ती मोठी होत नाही. पिशव्यांच्या भिंती फुटतात, त्यांच्या पेशी स्नायू, मेदपिंड वगैरे व्हायला निघून जातात आणि पिशव्यांमधली जागा जुन्या ब्लास्टोसीलशी एकरूप होते. या मिश्र जागेत हिमोलिम्फ, म्हणजे झुरळाचं रक्त, वाहतं, ती रक्तगुहा. प्रौढ झुरळात खऱ्या देहगुहेचा अवशेष उरतो तो मुख्यतः जननग्रंथींच्या आतल्या पोकळीत. तेव्हा दोन्ही विधानं बरोबर आहेत: झुरळ खरी देहगुहा असलेल्या प्राण्यांत मोडतं आणि उघडल्यावर दिसणारी मोठी पोकळी देहगुहा नसते. उत्तरपत्रिकेत ‘झुरळाची देहगुहा रक्ताने भरलेली असते’ असं वाक्य लिहू नये. ‘देहगुहा आकुंचित, मुख्य पोकळी रक्तगुहा’ असं लिहावं.

ही रक्तगुहा एकसंध नसते. पाठीकडचा आणि पोटाकडचा असे दोन पातळ पडदे तिचे तीन भाग करतात: वर १३ कप्प्यांचं हृदय, मधे आतडं आणि जननग्रंथी, खाली चेतारज्जू. वरच्या पडद्याला लागलेले पंख्यासारखे स्नायू आवळले की द्रव वरच्या भागात शिरतो आणि तिथून हृदयाच्या छिद्रांतून आत जातो. उघडताना पाठीचे पत्रे जोरात उचलले तर हृदय त्यांनाच चिकटून निघतं. मग विद्यार्थी झुरळाला हृदय सापडत नाही म्हणतात. पत्रे बाजूने कापून हलके उचला आणि त्यांची आतली बाजू पालथी करून बघा.

मृदुकाय प्राण्यांतही देहगुहा अशीच आटलेली असते. हृदयाभोवतीची पोकळी, जननग्रंथीची पोकळी आणि वृक्काशी जोडलेली जागा एवढीच उरते. जळूचं प्रकरण याहून वेगळं आहे. ती गांडुळाच्या संघातली, पण तिची देहगुहा पेशींनी बुजून अरुंद नलिकांची झालेली असते. भारतीय जळूत रक्तवाहिन्या नाहीतच. लाल द्रव वाहतो तो या नलिकांमधून. जी नळी रक्तवाहिनी वाटते ती देहगुहा आहे, आणि झुरळात जी पोकळी देहगुहा वाटते ती रक्तवाहिनीची जागा आहे. ही जोडी शेजारी शेजारी ठेवून शिकवली तर अस्तराचा मुद्दा कायमचा लक्षात राहतो.

तारामाशाची देहगुहा तर नुसती पोकळी उरतच नाही. तिचाच एक कप्पा जलवाहिन्यांचं जाळं होतो आणि शेकडो नलिकापाद त्यातल्या द्रवाच्या दाबाने हलतात.

पृष्ठवंशीयांत देहगुहा एकसंध सुरू होते आणि मग विभागली जाते. बेडकात हृदयाची पोकळी वेगळी होते, पण फुप्फुसं आणि आतडी एकाच पोकळीत राहतात. मादी बेडकाची अंडी थेट देहगुहेत सुटतात आणि पर्युदरावरच्या केसलांच्या (पेशींवरच्या सूक्ष्म केसांसारख्या तंतूंच्या) हालचालीने अंडवाहिनीच्या तोंडापर्यंत नेली जातात. अस्तर म्हणजे नुसतं आच्छादन नव्हे, ते इथे दिसतं. सस्तन प्राण्यांत श्वासपटलामुळे छाती आणि पोट पूर्ण वेगळी होतात: हृदयाभोवती एक, दोन फुप्फुसांभोवती दोन आणि पोटात एक पोकळी.

माणसाच्या पोटात ‘पोकळी’ आहे म्हणजे तिथे रिकामी जागा आहे असं समजू नये. पर्युदराचे दोन पदर एकमेकांना जवळजवळ चिकटलेले असतात आणि मधे थोडासा बुळबुळीत द्रव असतो. हृदयाभोवती तो साधारण १५ ते ५० मिलिलिटर असतो. एवढ्यावर आतडी न घासता सरकतात आणि हृदय न अडखळता धडधडतं. दाह होऊन पदर चिकटले की काय होतं हे शस्त्रक्रियेनंतर आतड्याला पडणाऱ्या पिळावरून कळतं. पोटाचं डायलिसिस करताना याच जागेत प्रौढांना एका वेळी साधारण दोन लिटर द्रव भरतात आणि पर्युदर चाळणीचं काम करतं. मूत्रपिंडं मात्र या पोकळीत नाहीत, ती पर्युदराच्या मागे असतात.

विभागणी अर्धवट राहिली तर किती महागात पडतं ते श्वासपटलाच्या जन्मजात हर्नियात दिसतं. गर्भात छातीची आणि पोटाची पोकळी दोन वाटांनी जोडलेली असते. त्या वाटा पडद्यांनी बंद व्हायला हव्यात. डावी वाट मोठी असते आणि उशिरा बंद होते, उजवीला यकृताचा आधार मिळतो, म्हणून दोष बहुतेक वेळा डावीकडे राहतो. आतडी छातीत शिरतात आणि त्या बाजूच्या फुप्फुसाला वाढायला जागाच मिळत नाही. जन्मल्यावर भोक शिवता येतं, खुंटलेलं फुप्फुस लगेच वाढवता येत नाही. बाळाच्या जिवाला खरा धोका त्याचाच असतो.

शेवटी वर्गीकरणाबद्दल. देहगुहा नाही, मग फसवी, मग खरी अशी उत्क्रांतीची शिडी बऱ्याच पुस्तकांत अजून आहे. ती सोडून द्यायला हवी. १९९७ मध्ये रायबोसोमच्या आरएनए जनुकांच्या तुलनेतून कात टाकणाऱ्या प्राण्यांचा एक गट पुढे आला आणि त्यात गोलकृमी (जंतांचा गट) व कीटक एकत्र बसले. फसवी देहगुहा असलेले रोटिफर हे सूक्ष्म जलचर मात्र दुसऱ्या शाखेत, चपट्या कृमींच्या बाजूला गेले. म्हणजे फसवी देहगुहा एकाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे आली आहे. वाळूच्या कणांमध्ये राहणाऱ्या काही अतिशय लहान वलयी प्राण्यांत (गांडुळाच्या संघातल्या) तर खरी देहगुहा बुजून गेली आहे, कारण तेवढ्याशा शरीरात तिचं कामच उरत नाही. ‘फसवी देहगुहा’ हे शरीराच्या रचनेचं वर्णन म्हणून वापरा, नात्याचा पुरावा म्हणून नको.

फीतकृमींचंही (निमर्टीन किंवा रिबन वर्म, टेपवर्म नव्हे) तसंच. ते बराच काळ देहगुहा नसलेल्यांत, चपट्या कृमींच्या शेजारी होते. त्यांच्याकडे सोंड बाहेर फेकण्यासाठी द्रवाने भरलेली एक लांब पोकळी असते, पण ती आतड्याभोवती नसून वरच्या बाजूला, म्हणून तिला कोणी मोजलं नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिची कड तपासली तेव्हा तिथे मध्यस्तराच्या पेशींचं सलग अस्तर मिळालं.